लाकडी पेन कातताना: शनिवार तयारीचा, रविवार लेथचा

लाकडी पेन बिघडते ते बहुधा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याचे यंत्र, सुरू होण्याच्या आधीच. भोक तिरके गेलेले असते, त्यात बसणाऱ्या पितळी नळीला गोंद सगळीकडे लागलेला नसतो, नाहीतर तुकड्याचे तोंड नळीशी काटकोनात नसते. हे दोष होतात तेव्हा दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी लाकूड कातून पातळ झाले की उघडे पडतात. नेहमीच्या बारीक पेनात पितळी नळी ७ मिलिमीटर जाडीची असते आणि टोकांशी पेनाची एकूण जाडी जेमतेम सव्वाआठ ते साडेआठ मिलिमीटर भरते, म्हणजे नळीवरचे लाकूड तिथे पाऊण मिलिमीटरसुद्धा धड नसते. एवढ्या पातळ थराला आतून पोकळ जागा सोसत नाही. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी दोन दिवसांची वाटणी करायला सांगतो: शनिवारी लाकूड निवडणे, कापणे, भोक पाडणे आणि नळी चिकटवणे, रविवारी कातणे, घासणे, पॉलिश आणि जोडणी. मधली रात्र गोंदाची.

कातकाम आपल्याकडे नवे नाही. सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणी, कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेने रंगवलेली खेळणी, पाळण्याचे खांब, घरातले लाटणे ही सारी कातलेल्या लाकडाचीच रूपे आहेत. फिरणाऱ्या लाकडावर धारदार हत्यार टेकवून त्याला गोल आकार देणारा कातारी जे करतो, तेच पेनासाठी लहान प्रमाणात आणि अधिक काटेकोरपणे करायचे असते.

साधने

पेनासाठी मोठे लेथ लागत नाही. अर्धा अश्वशक्तीचे, घरगुती सिंगल फेज विजेवर चालणारे, वेग बदलता येणारे मिनी लेथ पुरेसे असते. लेथ ज्या टेबलावर बसवायचे ते मात्र जड असावे. हलक्या टेबलाखालच्या फळीवर एक-दोन शहाबादी फरश्या ठेवल्या तरी थरथर बरीच कमी होते. उंची अशी ठेवावी की लेथचा मध्य आपल्या कोपराच्या पातळीवर येईल, कारण वाकून काम केले की हात लवकर थकतो आणि थकलेल्या हातातून हत्यार घसरते. सदनिकेत राहणाऱ्यांनी पायांखाली रबरी पट्ट्या घालाव्यात आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळा टाळाव्यात.

लेथखेरीज लागते ते असे: पेन धरणारी बारीक पोलादी दांडी, म्हणजे मँड्रेल, निवडलेल्या किटच्या (पेनाच्या तयार सुट्या भागांच्या संचाच्या) मापाचे बुश, म्हणजे तुकड्यांच्या टोकांशी बसणाऱ्या पोलादी कड्या, ७ मिलिमीटरचे चांगल्या प्रतीचे ड्रिल बिट, नळीच्या तोंडाशी लाकूड सपाट करणारा बॅरल ट्रिमर, एक जाड गोलसर पटाशी, जिला रफिंग गूज म्हणतात, आणि एक तिरक्या धारेची स्क्यू पटाशी. मँड्रेल घेण्यापूर्वी आपल्या लेथच्या तोंडाचा निमुळता साचा कोणत्या क्रमांकाचा आहे हे तपासावे. लहान लेथवर तो बहुधा मोर्स टेपर १ किंवा २ असतो आणि एकाचे मँड्रेल दुसऱ्यात बसत नाही. पैसे मोजके असतील तर हत्यारे दोनच घ्यावीत, पण धार लावण्याच्या साधनावर काटकसर करू नये. बोथट हत्यार लाकूड कापत नाही, ते ओरबाडते. मग नवशिक्याला वाटते की आपला हात वाईट आहे, आणि तो छंद सोडून देतो. असे होताना मी अनेकदा पाहिले आहे आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

पहिले किट ‘स्लिमलाइन’ प्रकारचे घ्यावे. त्यात ७ मिलिमीटरच्या दोन पितळी नळ्या, पुढचे टोक, फिरवून रिफिल पुढेमागे करणारी यंत्रणा, मधली कडी, क्लिप, वरची टोपी आणि रिफिल एवढे भाग येतात. फाउंटन पेनाची किटे मोहक असतात, पण त्यांत वेगवेगळ्या मापांची दोन भोके लागतात. ती पाचव्या-सहाव्या पेनासाठी ठेवावीत.

लाकूड

पेनासाठी सुमारे १९ मिलिमीटर चौरस आणि १२५ मिलिमीटर लांब एवढाच तुकडा लागतो. म्हणजे सुताराच्या दुकानात भुशाबरोबर जे जळणाला जाते, तेच आपले धन. वखारीत किंवा फर्निचरच्या कारखान्यात विनंती केली तर पिशवीभर तुकडे मिळतात. नवे झाड तोडण्याचा प्रश्नच येऊ नये. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, चिंच, आंबा, फणस अशी झाडे आहेत आणि ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

पहिल्या पेनासाठी माझी पसंती शिसवीला. तिचे दाट, काळसर जांभळे लाकूड हत्याराखाली स्वच्छ कापले जाते आणि कमी पॉलिशमध्येही खुलते. तिच्या दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. तिच्या तेलकटपणामुळे काही गोंद नीट धरत नाहीत आणि तिची धूळ अनेकांच्या त्वचेला व श्वासाला बाधते. शिवाय शिसव ज्या वनस्पतिवंशात मोडते त्या संपूर्ण वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या, कराराचे नियंत्रण आहे, म्हणून परदेशातल्या आप्तांना शिसवी पेन पाठवण्याआधी नियम पाहून घ्यावेत. सागवान सर्वत्र मिळते, पण त्यात वाळूसारखी सिलिका असल्याने ते हत्याराची धार झपाट्याने घालवते आणि त्याची रंध्रे भरून काढावी लागतात. बाभळीचा गाभा कठीण आणि लालसर असतो, चिंचेचा गाभा गडद आणि वजनदार. दोन्हींची पेने देखणी होतात, पण हात बसल्यावर. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी भेंडीच्या झाडाच्या (भाजीच्या भेंडीच्या नव्हे) लाकडाचा जरूर विचार करावा. त्याचा तपकिरी गाभा मऊसर कातला जातो आणि हाताला तुळतुळीत लागतो. फणसाचे पिवळे लाकूड काही वर्षांत हळूहळू तपकिरी होत जाते, हे त्याचे पेन भेट देताना सांगून ठेवावे.

जुन्या वाड्याच्या तुळईचा किंवा मोडलेल्या बैलगाडीच्या चाकाचा तुकडा मिळाला तर त्याचे मोल वेगळेच. माझ्या आजोळच्या घराची तुळई उतरवली तेव्हा तिच्या एका हातभर तुकड्यातून मी मावशी, मामा आणि भावंडांसाठी अकरा पेने केली. अशा लाकडात खिळे दडलेले असतात, म्हणून कापण्यापूर्वी त्यावर चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवावे.

लाकूड सुकलेले असणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण ओले लाकूड नळीवर आवळत आवळत सुकते आणि अखेर उभे फुटते. सुकले की नाही हे ओळखण्याची सोपी रीत अशी की तुकड्यांचे स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करावे आणि ते उतरायचे थांबले की लाकूड वापरायला घ्यावे. कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये वजन उलट वाढतानाही दिसेल. पावसाळ्यात तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे बरे.

शनिवार

चौकोनी तुकड्याच्या एका बाजूवर लांबीभर एक सरळ रेघ ओढावी आणि मध्यभागी दोन्ही बाजूंना बाण काढावेत. तुकडा मधोमध कापल्यावर खालचा कोणता, वरचा कोणता आणि कोणते तोंड कोणत्या तोंडाला मिळत होते हे या खुणांवरूनच कळते. तयार पेनात लाकडाच्या रेषा मधल्या कडीच्या दोन्ही बाजूंना सलग जुळाव्यात, यासाठी ही अर्ध्या मिनिटाची काळजी. प्रत्येक भाग नळीपेक्षा तीन ते चार मिलिमीटर लांब कापावा.

भोक पाडणे हा या कामाचा कणा आहे. ते ड्रिल प्रेसवर किंवा लेथवरच पाडावे. हातातल्या ड्रिलने सरळ भोक जाईल अशी आशा धरू नये. तुकडा कधीही हाताने धरू नये, तो शिकंज्यात घट्ट आवळावा आणि गुण्या लावून उभा आहे याची खात्री करावी. मिनिटाला ५०० ते ८०० फेऱ्यांचा संथ वेग ठेवावा, दर सेंटीमीटरला बिट बाहेर काढून भुसा झटकावा. भुसा आत अडकला की बिट तापते, लाकूड करपते आणि बिट वाट सोडून लाकडाच्या मऊ रेषेकडे वळते. खालच्या बाजूने बिट बाहेर पडते त्या क्षणी लाकडाचा कपचा उडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. माझे दुसरे पेन असेच गेले: सुंदर रेषांची शिसव होती आणि शेवटच्या दोन मिलिमीटरला मी घाई केली. तेव्हापासून मी तुकड्याखाली टाकाऊ फळी दाबून ठेवतो आणि शेवटी दाब जवळजवळ काढून घेतो.

भोक पडल्यावर लाकूड तापलेले असते. ते पूर्ण निवेपर्यंत नळ्या तयार कराव्यात. पितळ गुळगुळीत असल्याने त्यावर गोंद पकड घेत नाही. म्हणून १५० नंबरच्या पॉलिश पेपरने नळी आडवी-तिरकी घासून तिची चमक पूर्ण घालवावी आणि नंतर तिला बोटे लावू नयेत. नळीच्या आत गोंद जाऊ नये म्हणून तिची दोन्ही तोंडे बंद करायची असतात. त्यासाठी बटाट्याच्या चकतीत नळी दाबली किंवा घट्ट मळलेल्या कणकेने तोंड बंद केले तरी काम भागते. गोंद सुकल्यावर बारीक काडीने ते ढकलून काढता येते. नळ्या चिकटवण्यापूर्वी एकदा कोरड्याच आत सरकवून पाहाव्यात.

गोंदाबाबत माझे मत ठाम आहे: नवशिक्याने दोन भागांचा इपॉक्सी वापरावा. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद सोयीचा असतो, पण नळी निम्मी आत गेली असताना तो धरतो आणि मग ती ना पुढे जाते ना मागे येते. दमट हवेत तो आणखी लवकर धरतो. इपॉक्सी पाच मिनिटे तरी सवड देतो, तेलकट लाकडावर चांगला बसतो आणि भोकातली बारीकसारीक पोकळी भरून काढतो. भोकाच्या आत काडीने आणि नळीच्या बाहेरून, असा दोन्हीकडे तो लावावा. नळी गोल फिरवत, किंचित मागेपुढे करत आत सरकवावी आणि तिचे टोक लाकडाच्या थोडे आत राहील असे पाहावे. मग रात्रभर हात लावू नये, डब्यावर पाच मिनिटांत सुकेल असे लिहिलेले असले तरी.

रविवार

सकाळी पहिले काम बॅरल ट्रिमरचे. त्याची दांडी नळीत घालून हलक्या दाबाने, संथ वेगाने लाकडाचे तोंड तासत जावे आणि पितळेची कडी चकाकून दिसली की तिथेच थांबावे. पितळ तासले गेले तर नळी आखूड होते आणि शेवटी रिफिलचे टोक जास्त बाहेर येते.

यानंतर सुरक्षेचे नियम, जे मी कोणालाही शिथिल करू देत नाही. पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल हवी. ओढणी, पदर, मफलर, लांब बाह्या, गळ्यातील साखळी, बांगड्या, हातमोजे यांतले काहीही लेथजवळ नसावे. केस घट्ट बांधलेले असावेत. टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवण्याचा आधार, सरकवताना लेथ बंदच असले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये मानवी कर्करोगाचे निश्चित कारण असलेल्या पदार्थांच्या गटात घातले, म्हणून घासताना चांगला एन-९५ मास्क लावावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

मँड्रेलवर बुश, खालचा तुकडा, मधला बुश, वरचा तुकडा, पुन्हा बुश असा क्रम लावून नट हाताने आवळावा. पाना वापरू नये. दांडीचे दुसरे टोक धरणारा लेथचा मागचा भाग, म्हणजे टेलस्टॉकही, जेमतेम टेकेल इतकाच पुढे आणावा. बारीक दांडी जास्त दाबाने वाकते आणि पेन गोल न होता लंबगोल होते. कातताना लाकूड एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ राहू लागले तर हाताला दोष देण्याआधी हा नट तपासावा.

टूल रेस्ट लाकडापासून तीन-चार मिलिमीटर दूर आणि मध्याच्या किंचित खाली असावा; सुरू करण्यापूर्वी तुकडा हाताने एक फेरी फिरवून कुठे अडत नाही ना हे पाहावे. सुरुवातीला वेग मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावा, तुकडा गोल झाला की २००० ते २५०० पर्यंत न्यावा. हत्यार धरण्याचा क्रम कायम एकच: आधी ते रेस्टवर टेकवायचे, मग धारेमागची उतरती बाजू फिरत्या लाकडाला नुसती घासू द्यायची, आणि त्यानंतर मूठ अगदी सावकाश उचलत जायची. एका क्षणी धार आपोआप कापू लागते आणि बारीक ढलप्या सुटू लागतात. धार आधी टेकवली तर लाकूड हत्याराला आत खेचते आणि तुकडा फुटतो. कापत जायचे ते नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे. चार कोपरे उडेपर्यंत ठकठक आवाज येतो. त्याने घाबरून हत्यार घट्ट दाबू नये, तो आवाज हळूहळू सलग होत जातो. या कामात कान डोळ्यांइतकाच उपयोगी पडतो, कारण आत पोकळ राहिलेली जागा वेगळ्या, फाटक्या आवाजाने आपली खबर देते. असा आवाज आला की लेथ थांबवून त्या जागी पातळ सायनोॲक्रिलेटचे दोन थेंब मुरू द्यावेत.

धार दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा लावावी, सागवानासाठी त्याहून लवकर. ढलप्यांऐवजी भुसा पडू लागला म्हणजे धार गेली. पेनाचा मधला भाग किंचित फुगीर ठेवावा की सरळ, हे ज्याच्या त्याच्या बोटांवर अवलंबून आहे. मला खालचा भाग सरळ आणि वरचा जरासा फुगीर आवडतो. टोकांना मात्र निवडीला वाव नाही. तिथे लाकूड बुशच्या पातळीच्या जरासे वर, नखाला जाणवेल इतके ठेवून हत्यार खाली ठेवायचे. उरलेले पॉलिश पेपर काढतो.

घासताना वेग हजारच्या खाली आणावा. १८०, २४०, ३२०, ४०० आणि ६०० या नंबरांपैकी एकही वगळू नये आणि प्रत्येक नंबर संपला की लेथ बंद करून त्याच कागदाने लाकडाच्या रेषांच्या दिशेने लांबीभर हात फिरवावा, म्हणजे गोल ओरखडे निघतात. कागद बोटांना गरम लागू लागला की थांबावे. पितळ तापले की शिसवीसारख्या दाट लाकडाला केसासारख्या चिरा पडतात. फिकट लाकडावर घासताना पोलादी बुशची काळी पूड लाकडात शिरते, म्हणून तिथे कागद बुशला लागू देऊ नये.

पॉलिश

येथे दोन मार्ग आहेत. पहिला लाखेचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख आणि थोडे मेण यांचे मिश्रण कागदी रुमालाने फिरत्या लाकडावर दाबले की घर्षणाच्या उष्णतेने ते वितळून पसरते. चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या खेळण्यावर लाखेची कांडी टेकवतात, तेव्हा हीच उष्णता काम करते. या पॉलिशने लाकूड लाकडासारखे दिसते आणि हाताला उबदार लागते, पण रोज वापरल्यास घामाने ते वर्षभरात निस्तेज होते. पुन्हा लावणे मात्र सोपे असते. दुसरा मार्ग सायनोॲक्रिलेटचा. पातळ गोंदाचे आठ ते दहा थर, वेग ५०० च्या आसपास ठेवून, कागदी रुमालाने एका झटक्यात लावायचे, प्रत्येक थर सुकू द्यायचा आणि शेवटी १५०० ते १२००० नंबरच्या मायक्रोमेशने, म्हणजे अतिबारीक घासकापडाने, पाण्यासह घासायचे. काचेसारखी टिकाऊ चकाकी येते. पावसाळी दमट हवेत त्यावर पांढरट धुके चढते, म्हणून हे काम कोरड्या दिवसासाठी राखावे. सुती कापड कधीही वापरू नये: या गोंदाशी कापसाची अशी प्रक्रिया होते की कापड पोळण्याइतके तापते, आणि फिरत्या लेथमध्ये कापड अडकले तर ते बोटालाही आत ओढते. कागद फाटतो, म्हणून तो सुरक्षित.

रोज लिहिण्याच्या पेनाला मी सायनोॲक्रिलेट लावतो. आजोळच्या तुळईच्या पेनांना मात्र लाखच लावली, कारण त्या लाकडावर काचेचे आवरण मला बघवले नसते.

जोडणी

सगळे भाग कागदावर क्रमाने मांडावेत आणि बाणाच्या खुणा आठवून लाकडाच्या रेषा जुळवून पाहाव्यात. शिकंज्याच्या जबड्यांना लाकडी पट्ट्या लावल्या की तोच दाबयंत्राचे काम करतो. प्रथम खालच्या भागाच्या पुढच्या तोंडात टोक सरळ दाबावे. मग उलट बाजूने फिरकीची यंत्रणा, पितळी बाजू आधी, तिच्यावरच्या खुणेच्या दोन मिलिमीटर अलीकडेपर्यंतच दाबावी, रिफिल घालून टोक किती बाहेर येते ते पाहावे आणि पुढचा प्रवास थोडाथोडा करावा. यंत्रणा जास्त आत गेली तर ती परत काढताना लाकूड हमखास तडकते. वरच्या भागात एका बाजूने क्लिप आणि टोपी एकत्र दाबावी, मधली कडी यंत्रणेवर सरकवावी आणि दोन्ही भाग हाताने एकमेकांत घालून रेषा सलग होईपर्यंत फिरवावेत.

वरचा भाग केवळ घट्टपणाने बसलेला असतो. रिफिल संपली की तो हलके फिरवत सरळ ओढून काढायचा आणि जुनी रिफिल यंत्रणेतून फिरवून मोकळी करायची. पेन ज्यांना भेट द्याल त्यांना हे एकदा समोर करून दाखवा आणि सोबत एक जादा रिफिल द्या, कारण न सांगता दिलेली पेने रिफिल संपल्यावर कायमची खणात पडून राहिलेली मी पाहिली आहेत.